काचेवरचं कुंकू

जळोची, ता. बारामती
रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६

चि. ज्ञानेश,

तुला, सोनमला आणि यशराजला तुझ्या आक्काचे भरभरून आशीर्वाद. आईच्या पाया पडते, पण पत्रातूनच. तिचे गुडघे दुखत असतील, तेव्हा आक्काचं पत्र आलंय म्हणून तिला उठवून बसवू नकोस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत.

एवढं लांबलचक पत्र बघून तुला वाटेल, आक्काचा फोन बिघडला की डोकं? फोन चांगला आहे. पण फोनवर मी काही बोलायला लागले की तू 'जाऊ दे गं आक्का' म्हणतोस आणि सोनमच्या हातात फोन देऊन मोकळा होतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही. शिवाय शाळेत तुझे निबंध मीच लिहून द्यायची, तेव्हा माझं अक्षर तुला लागतं हे मला पक्कं माहीत आहे.

ह्यांनी यंदा ढोबळी मिरची लावली आहे. दिवसभर मिरचीशी बोलतात, घरी आले की आमच्याशी बोलायला काही उरत नाही. घरामागच्या तुटलेल्या उसाचा खोडवा चांगला फुटलाय. निकिताचं लग्न ठरलं. मुलगा सोमेश्वरनगरचा, ऋषिराज नाव, कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. माणसं साधी आहेत. लग्न वैशाखात. तुला हे सोनमकडून कळलंच असेल. भाचीचं लग्न ठरल्याचं मामाला बायकोकडून कळावं, ही वेळ आपल्या घरावर आली, आणि ती कुणामुळे आली त्याचंच हे पत्र आहे.

बुधवारी संध्याकाळी आम्ही लग्नाची यादी करायला बसलो होतो. मानपानाची नावं झाली, आणि मामाचं नाव लिहायच्या जागी हे म्हणाले, ''मामा म्हणून रविराज उभा ऱ्हाईल.'' रविराज आपला चुलतभाऊ, माणूस चांगला आहे, पण निकिताला तो रस्त्यात भेटला तर ती 'कोण पाहुणे?' म्हणून विचारील. ती ताडकन उठली. म्हणाली, ''माझा मामा एकच हाय. मांडवात मला त्योच आणंल, न्हायतर मी माझी चालत येईन.'' मग माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली आणि हळूच विचारलं, ''आई, मामानं खरंच आपल्याला खराब गाडी गळ्यात मारली का गं?''

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, ''भाजीकडं बघ, करपंल.''

चार दिवस झाले, ते वाक्य माझ्या तोंडात तसंच आहे. म्हणून आता सगळं ओळीनं लिहिते. तुला ते माहीत आहे, तुझ्यासमोरच घडलं. पण मला ते ओळीनं सांगायची सवय व्हायला हवी, कारण तुझ्यानंतर ते आणखी कुणाला तरी सांगायचं आहे.

दसऱ्याला तू ती पांढरी गाडी घेऊन आमच्या दारात आलास. इंदापूरच्या एका निवृत्त गुरुजींची होती, त्यांनी जपून वापरलेली. तू आधी दोन दिवस स्वतः चालवलीस, गाडीखाली झोपून बघितलीस आणि मगच ह्यांना म्हणालास, ''घ्या दाजी, डोळं झाकून घ्या.'' मी ताट घेऊन आले. चाकांवर पाणी, बॉनेटवर स्वस्तिक, पुढं नारळ. मग माझा हात काही थांबेना. आत बसून स्टेअरिंगच्या मागं ते काटे दिसतात ना, त्या काचेवरही मी कुंकू कालवून चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. तू म्हणालास, ''आक्का, तितं नगं. त्या कोपऱ्यात इंजिन तापल्याचा लाल दिवा लागतो. पुसून घे.'' मी म्हणाले, ''पूजेचं कुंकू पुसत न्हाईत. जाईल तवा आपसूक जाईल.''

भाऊबीजेला आलास तेव्हा पुन्हा सांगितलंस. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. हे सुद्धा चिडायचे, ''काटं देवानं बघायचं का मी?'' म्हणायचे, पण पुसायला त्यांचाही हात धजला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरामागचा ऊस तुटला. ऊस तुटला की त्यातले उंदीर घराकडे पळतात. त्यातल्या एकानं गाडीच्या बॉनेटखाली मुक्काम केला आणि इंजिनाला पाणी नेणारा पाइप कुरतडला. पाणी गळालं, गाडी तापली, लाल दिवा कुंकवाखाली झाकलेला राहिला आणि इंजिन गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चावी फिरवली तर आतून 'कट्' एवढाच आवाज आला, आणि पुढं काहीच नाही.

तू तुझं गॅरेज बंद करून तासाभरात शेळगावहून आलास. दोन दिवस आमच्या अंगणात इंजिन उघडून बसलास. मग हातातला तो कुरतडलेला पाइप दाखवत म्हणालास, ''दाजी, पाणी सगळं गेलंय. हेड वाकलंय, पिस्टन आत जाम झाल्यात. इंजिन तापल्यावर गाडी थांबवली असती तर वाचलं असतं. तापलेल्या इंजिनावर कुनीतरी लई लांब चालवलीय.''

हे भडकले. शेजारचे अविराज भाऊजी होते, रेश्माचे मिस्टर. आणखी दोघं होते. ह्यांना चार माणसं दिसली की आवाज चढतो, तुला माहीत आहे. म्हणाले, ''कुनीतरी म्हंजी कोन? ह्या गाडीला माझ्याबिगर कुनाचा हात लागत न्हाय. म्या सोमेश्वरनगरला गेलो त्याच्या आदल्या दिशी मार्केटला नेली तवा झ्याक पळाली. त्या दिवशी तर ती दारातनं हाललीबी न्हाय. मंग उभ्या गाडीचं इंजिन जळलं व्हय? त्या गुरुजीनं आधीच मोडकं इंजिन तुझ्या गळ्यात मारलं, आन तू माझ्या. आता उंदराचं नाव सांगतोस.''

तू काही बोलायला तोंड उघडलंस, आणि तेवढ्यात तुझं लक्ष आत गेलं. सगळ्या डॅशबोर्डवर उसाच्या पाचटाची धूळ होती आणि तेवढी एक काच लखलखीत पुसलेली. तू काचेकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे बघितलंस. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मग तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, ''व्हय दाजी. माझीच चूक झाली. नीट तपासाय पायजे हुती.''

पुढच्या आठवड्यात तू कुठून तरी दुसरं इंजिन आणलंस. पाच दिवस खपून ते बसवलंस, मजुरी घेतली नाहीस. आमच्या अंगणात काम केलंस आणि जेवलास मात्र सोनमनं दिलेला डबा, हौदाच्या कडेला बसून. मी दोनदा ताट वाढून बोलवायला आले. ''भूक न्हाय आक्का,'' म्हणालास, आणि डबा उघडलास.

ह्यांनी ते सगळीकडे सांगितलं. डेअरीवर, मार्केटमध्ये, पाहुण्यारावळ्यांत. 'सख्ख्या मेव्हण्यानं खड्ड्यात घातलं,' हे वाक्य मी माझ्या कानांनी किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. संक्रांतीला सोनमचा फोन आला तेव्हा ती सहज बोलून गेली, की आता बारामतीकडचे पिकअपवाले गॅरेजला येत नाहीत, दुचाक्याच येतात. मी म्हणाले, ''मंदी असंल.'' बघ, कशी बहीण आहे तुझी.

तर ती काच मी पुसली होती. कुंकू तिथं काढायला नको होतं, तुझं ऐकायला हवं होतं आणि नंतर पुसायला नको होतं. ही माझी चूक मी कबूल करते. भाकऱ्या करायच्या राहिल्यात, इथंच थांबते.


सोमवार, दुपार

काल पत्र संपवून पाकिटात घालणार होते. सकाळी पुन्हा वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. 'गाडी तापली' असं लिहून मोकळी झाले. आपली आपण तापायला गाडी म्हणजे काय ताप आलेलं पोर आहे?

गाडी मी चालवली, ज्ञानेश.

तुला कळलं होतंच. पण मी माझ्या तोंडानं सांगितलं नव्हतं, आणि तू मला विचारलं नाहीस.

गणपतीच्या आधीपासून मी आणि रेश्मा बारामतीत मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला जात होतो. घरी सांगितलं, शिवणाचा क्लास आहे. दोन महिन्यांत मी एक पोलकं शिवलं नाही आणि कुणाला शंकाही आली नाही, यावरून माझ्या शिवणाकडे घरात किती लक्ष आहे ते समजून घे. लायसन्स आलं. पोस्टमनकडून मी ते स्वतः घेतलं आणि ज्वारीच्या डब्यात तळाशी ठेवलं. ह्यांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते असं नाही. हसले असते. अट्ठेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याचं ते हसणं मला नको होतं.

गाडी कशाला शिकले, तर तुझ्या दारात यायला. गेल्या वर्षी आई मोरीत पडली, तेव्हा तुझा फोन सकाळी सातला आला. हे म्हणाले, ''येकटी येष्टीनं जाऊ नगंस, माल घालून आलो की मी सोडतो.'' मी तुझ्या दारात पोचले संध्याकाळी पाचला. आईचा पाय तोवर प्लास्टरमध्ये होता. तीस किलोमीटरला माझा सगळा दिवस गेला. त्या दिवशी पोचल्यावर मी आईजवळ रडले ते आईसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

ऊस तुटून दोन दिवस झाले होते. हे अविराज भाऊजींच्या गाडीवर सोमेश्वरनगरला गेले होते, निकिताच्या ह्याच स्थळाची चौकशी करायला. निकिता कॉलेजात. चावी खुंटीवर. मी नवी साडी नेसले, आईसाठी डब्यात पुरणपोळ्या घेतल्या आणि गाडीत बसले. गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसलं होतं. तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस, एसी लावला की खाली पाणी ठिबकतं, घाबरायचं नाही. मला वाटलं तेच. डिसेंबरात एसी कुणी लावला होता, हा विचार डोक्यात आला नाही.

काय सांगू तुला! पिंपळीपर्यंत मी राणी होते. समोरून उसाच्या दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येत होते आणि मी त्यांच्या कडेनं हॉर्न न वाजवता व्यवस्थित जात होते. तुझ्या गॅरेजसमोर गाडी उभी करायची, काच खाली करायची आणि म्हणायचं, ''ओ मिस्त्री, हवा बघा.'' तुझं तोंड कसं होईल याचा विचार करून एकटीच हसत होते.

पिंपळीच्या पुढं कुंकवाखाली काहीतरी लाल लाल चमकायला लागलं. मला वाटलं, ऊन पडलंय कुंकवावर. मग गोडसर वास यायला लागला. मी म्हटलं, जवळ कुठंतरी गुऱ्हाळ असेल. इथपर्यंत मला खरंच काही कळलं नव्हतं. पण मग बॉनेटमधून वाफ निघाली, आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरून दोन माणसं हात करत ओरडली, ''ओ बाई, थांबवा! धूर निघतोय!''

तिथं मला कळलं. क्लासमध्ये शिकवलं होतं, वाफ दिसली की कडेला घ्यायचं, बंद करायचं. माझा पाय ब्रेकवर गेला होता. आणि त्या टपरीवर मला महिपती दिसला, आपल्या डेअरीवर दुधाचं फॅट बघतो तो. तो ओरडत नव्हता, नुसता गाडीकडे बघत होता. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला, ब्रेकवरचा पाय काढला आणि पुढं जाऊन गाडी वळवली.

घर सात-आठ किलोमीटर मागं होतं. तुझा नंबर फोनमध्ये पहिलाच आहे. कडेला थांबून फोन केला असता तर तू अर्ध्या तासात आला असतास आणि पाइप बदलून देऊन मला वर चिडवलंही असतंस. पण मी डोक्यात एकच धरलं होतं, की रस्त्यात गाडी बंद पडलेली, गोळा झालेले बघे आणि मधे आप्पासाहेबांची बायको. हे नको. गाडीची ताकद जात होती, आतून ठोके ऐकू येत होते, मी 'चल गं, चल गं' म्हणत होते. घरी आणली, होती तिथंच उभी केली, सीट मागं सरकवली, चावी खुंटीला लावली. मग पदराचं टोक ओलं केलं आणि काच पुसली. दिवा दिसला नाही म्हणून इंजिन गेलं, असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून. एरवी कुणी कुंकू पुसायचं नुसतं नाव काढलं तरी त्याला गप्प करणारी मी.

पुरणपोळ्या संध्याकाळी ह्यांना वाढल्या. म्हणाले, ''आज काय विशेष?''

एवढंच आहे. तुझं गॅरेज, तुझं नाव, तुझं आमच्या घरातलं जेवण, सगळं मी त्या टपरीपुढं लाजले म्हणून गेलं. तू मला सगळ्यांपुढं झाकलंस, आणि मी दोन महिने तुझ्यावरची बोलणी ऐकत भाकऱ्या थापत बसले. मला त्याचं फार वाईट वाटतं, बाळ. तू रागावला असतास तर बरं झालं असतं.

हे आता मिरचीला पाणी देऊन चहाला येतील. लायसन्स ज्वारीच्या डब्यातून काढून धुतलंय, पुसलंय. चहाच्या कपाशेजारी ठेवणार आहे. पुढचं काय होईल ते कळवते.


गुरुवार, दि. १२

सांगितलं.

लायसन्स बघून आधी त्यांना वाटलं निकिताचं आहे. मग फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी पिंपळीपासून पदरापर्यंत सगळं सांगितलं, मधे कुठं थांबले नाही. चहा निवला. ते उठले आणि पुन्हा मिरचीत गेले. दोन तास आले नाहीत. मी इकडे आत-बाहेर करत राहिले. आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? ''पिंपळीच्या पुढं गाडी कितव्या गिअरात हुती?''

मी म्हणाले, ''चौथ्या.''

''हं,'' म्हणाले. दोन घास खाल्ले. ''ज्ञानेशला ठावं हाय?''

''पैल्या दिवसापास्नं.''

त्यांचा हात ताटात थांबला. मला वाटतं, मी गाडी चालवली याच्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं. मग म्हणाले, ''बरं. मामा म्हणून त्योच उभा ऱ्हाईल. रविराजचं नाव खोडून टाक. पर ह्ये आता भाईर कुठं काढू नगंस. म्या चार माणसांत बोलून बसलोय. माझं हसं हुईल.''

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला हायसं वाटलं. निकिताला तिचा मामा मिळाला, माझं घरातल्या घरात मिटलं. यादी काढली, रविराजचं नाव खोडलं, तुझं लिहिलं. आणि लिहितानाच डोळ्यांपुढं आलं, तू फेटा बांधून निकितामागं उभा आहेस आणि खाली बसलेली माणसं एकमेकांच्या कानात म्हणतायत, 'आप्पासाहेब मोठ्या मनाचा, फशिवणाऱ्या मेव्हण्यालाबी मान दिला.' तू न केलेली चूक माफ करून घेऊन तिथं उभा राहणार. ते मला बघवलं नसतं.

मंगळवारी सकाळी दुधाची किटली मी घेतली. रोज हे जातात. म्हणाले, ''तू कशाला?'' मी म्हणाले, ''दूध घालायला, आणि बोलायला.'' ते काय समजायचं ते समजले. अडवलं नाही, पण आलेही नाहीत.

डेअरीवर आठ-दहा जण होते. महिपती फॅट बघत होता, अविराज भाऊजी होते, म्हातारे सोनबा आबा नेहमीसारखे बाकावर. मी किटली ठेवली आणि म्हणाले, ''एक सांगायचं हाय सगळ्यांना. आमच्या गाडीचं इंजिन माझ्या भावामुळं गेलं न्हाय. पाइप उंदरानं खाल्ला, आन गाडी मी चालवली. वाफ दिसत हुती तरी लाजंपायी थांबवली न्हाय. माझा भाऊ माझ्यासाठी खोटं बोलला. त्यानं दिलेली गाडी चांगली हुती.''

बोलून झाल्यावर किटली महिपतीपुढं सरकवली.

महिपतीनं हातातलं नळकांडं खाली ठेवलं. ''म्हंजी पिंपळीच्या फुडं पदर वढून गेल्या त्या वहिनी तुमी व्हय? आवं, दोन म्हैनं म्या सगळ्यास्नी इचारतोय, कोन बाई हुती! वाफंत गाडी वळखूच आली न्हाय. गाडी काय वळवली हुती एका दमात!'' सगळे हसले. मी पण हसले आणि त्यातच डोळ्यांत पाणी आलं. हसू थांबल्यावर सोनबा आबा म्हणाले, ''हसताय काय? त्या पोराला आपण समद्यांनी मिळून बदनाम केलंय. मीबी बोललोय.'' अविराज भाऊजी खाली बघत होते. निघताना माझ्या मागून आले आणि म्हणाले, ''वहिनी, माझ्या पिकअपचा क्लच दाखवायचाच हाय. शुक्रवारी जातो शेळगावला.''

तर हे पत्र तुझ्या हातात देणारे तेच आहेत. त्यांचा क्लच नीट बघ, आणि मजुरी पूर्ण घे.

मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. हे ओट्यावर बसले होते. मंगळवार आणि बुधवार दोन्ही दिवस माझ्याशी बोलले नाहीत, दोन्ही दिवस डेअरीवरही गेले नाहीत, किटली मीच नेली. निकिता मात्र माझ्यामागं मांजरीसारखी फिरत होती. तिला मी सगळं सांगितलं. तिनं एकदाच विचारलं, ''आधी का न्हाय सांगितलंस?'' मी म्हणाले, ''भ्याले.'' तिनं मला मिठी मारली आणि मग दिवसभर फुगून राहिली. दोन्हीही बरोबरच होतं.

आज सकाळी किटली ह्यांनी उचलली. नेहमी पंधरा मिनिटांत येतात, आज पाऊण तास लागला. काय बोलले ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आल्यावर चावी खुंटीवरून काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, ''लग्नाचं पैलं आवतन मामाला द्याया पायजे. रविवारी शेळगावला जाऊ. तू चालव. म्या शेजारी बसतो.'' आणि ओट्याकडे वळता वळता, ''तितं ज्ञानेशला काय म्हणायचं ते वाटंत जुळवतो. लई वरसात कुनाला माझं चुकलं म्हणलं न्हाय.''

रविवारी महाशिवरात्र आहे, सोनमला सांग, आम्हा दोघांना उपवासाचं कर, फार नको. आईला आधीच सांगून ठेव की गाडी मी चालवत येणार आहे, नाहीतर दारात बघून तिला घेरी येईल. आम्ही दहापर्यंत पोचू, उशीर झाला तर फोन करू नकोस, मला गाडी चालवताना फोन घेता येत नाही.

आणि एक ऐक. हे बोलायला लागले की तुझ्या सवयीनं 'जाऊ द्या दाजी' म्हणू नकोस. त्यांना जड जाईल, मधे अडखळतील, तरी तू गप्प बस आणि त्यांना शेवटपर्यंत बोलू दे. त्यांचं झाल्यावर मी बोलेन. मलाही बोलू दे. मग तुझ्या मनात दोन महिने काय होतं ते तू बोल. राग असेल तर राग सांग. चार माणसांत सांगायचा असेल तर चार माणसं बोलावून ठेव, मी उभी राहीन.

त्यानंतर जेवायला आम्ही तुझ्या शेजारी बसू, तू बसू दिलंस तर.

तुझी,
त्या दिवशी गाडी चालवत होती ती,
आक्का